दार धरणारा

मेस्त्रीने बसवलेलं दार करंगळीने ढकललं तरी उघडतं आणि फुंकर मारली तरी मिटतं. हे मेस्त्री स्वतःच सांगतो, पण म्हणून काही ते खोटं होत नाही. शहरातल्या मोठ्या इस्पितळाची, दोन शाळांची आणि वाचनालयाची दारं त्याच्या हातची आहेत. आजवर एकही कुरकुरलेलं नाही. दुसऱ्या कुणाचं दार कुरकुरताना कानावर आलं की तो चालता चालता थांबतो, कपाळाला हात लावतो आणि विचारतो, "हे कुणाचं पाप?" घरमालक ऐकत असला तर जरा जास्तच मोठ्याने.

बढाई मारायला त्याला दोन विषय पुरतात. एक दारं. दुसरी बारकी.

बारकी म्हणजे त्याची बहीण, नऊ वर्षांनी धाकटी. बाप गेला तेव्हा मेस्त्री सातवीत होता, आणि गणित सोडलं तर शाळेत त्याचं कुणाशीच फारसं जमत नव्हतं. आईने दप्तर खुंटीला टांगलं आणि कारखान्याची किल्ली त्याच्या हातात दिली. बापाचा रंधा त्याच्या पंजाला मोठा होता, हातातून सटकायचा. म्हणून त्याने रंध्याच्या मुठीला कापड गुंडाळलं. पुढे हात भरला, पण कापड त्याने काढलं नाही. मळलं की नवीन गुंडाळायचं, एवढंच.

आई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी कामाला, त्यामुळे चार वर्षांची बारकी कारखान्यातच वाढली. तिथे तयार दारं चौकटीसकट उभी करून ठेवलेली असायची, ना भिंत ना घर, नुसतं दार. बारकी कडी वाजवायची, दार उघडायची आणि आत जायची. आत म्हणजे कुठे? कारखान्याच्याच दुसऱ्या कोपऱ्यात. पण परत आली की तिकडच्या बातम्या आणायची. तिकडे आज मांजरांची शाळा भरली होती. तिकडे एक म्हातारा उलटा चालत होता, तो उद्या लहान होणार. चौकट तिच्या अंगावर पडू नये म्हणून मेस्त्रीला सगळं काम सोडून ती धरून उभं राहावं लागायचं.

"दादा, तू पण चल ना तिकडे."

"मी आलो तर दार कोण धरेल, तुझा उलटा म्हातारा? जा, पटकन जाऊन ये. मला काम पडलंय."

ती शिकली. कशी शिकली ते मेस्त्रीला विचारू नका, नाहीतर जेवायची वेळ टळेल. अकरावीला तिने निबंधात पहिला नंबर काढला तेव्हा त्याने ते कागद चौकट करून कारखान्यात लावले, आणि गिऱ्हाईक दाराचं माप देत असलं तरी आधी निबंध बघावा लागे. मग तिला इस्पितळात नोकरी लागली, केसपेपरच्या खिडकीवर. "खिडकीच्या बाहेर सगळं शहर उभं असतं," मेस्त्री सांगायचा, "आत बसायला मिळतं ते आमच्या बारकीला." पुढे तिचं लग्न झालं, ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. तरी आठवड्यातून तीनदा कारखान्यात यायचीच. मेस्त्रीच्या बायकोने डबा धाडलेला असायचा, त्यातला अर्धा तिचा.

खिडकीत बसून बसून तिने पुस्तक लिहिलं. अकरा वर्षं लागली. खराब झालेल्या केसपेपरच्या मागच्या बाजूला, जेवणाच्या सुट्टीत. एके दिवशी टाईप केलेला गठ्ठा सुतळीने बांधून घेऊन आली आणि रंध्याच्या पाटावर ठेवला. चारशे बारा पानं.

"दादा, प्रकाशक छापायला तयार आहे. पण म्हणतो, आठ माणसं फार होतात, वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. एक कमी करा. मला चार दिवसांत सांगायचंय त्याला."

"मग?"

"तू वाच आणि सांग. ठेवू का सगळे? का एक काढू? तू म्हणशील तसं."

मेस्त्रीची छाती दीड वीत फुगली. "चार दिवस कशाला? उद्या सांगतो."

कारखान्यात दुसरा माणूस म्हणजे पॉलिशवाला. हाताने संथ, तोंडाने तिखट. बारकी गेल्यावर तो म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही बिजागरीच्या खोक्यावरचं सोडून शेवटचं काय वाचलं होतं?"

"तू तुझा ब्रश बघ."

पण पॉलिशवाल्याने नेमक्या जागी खिळा मारला होता. मेस्त्री ओळीखाली बोट धरून वाचायचा. एका पानाला पाव तास. चारशे बारा गुणिले पाव, म्हणजे एकशे तीन तास. त्याचं गणित चांगलं होतं, हीच पंचाईत झाली. नसतं, तर निदान सुरुवात तरी केली असती. आणि बारकीला सांगायचं तरी काय? की तुझ्या दादाला चार दिवसांत वाचून होत नाही? सगळ्या शहरात जिच्या नावाने नाक वर करून फिरलो, तिच्यासमोर ते खाली घालायचं?

मग त्याला वखार आठवली. वखारीत फळ्यांची थप्पी लागलेली असते. कच्चा सुतार एकेक फळी उलटीपालटी करत बसतो. मेस्त्री फळी तीन ठिकाणी बघतो. शेंड्याला, मधोमध आणि बुडाशी. तिन्हीकडे रेषा सरळ असल्या की फळी सरळ. आजपर्यंत एकदाही फसला नव्हता. लाकडाला जे लागू, ते कागदाला का नाही? कागद शेवटी लाकडाचाच.

पहिलं प्रकरण त्याने पूर्ण वाचलं. एकोणीस पानं. आणि खरं सांगायचं तर हरखून गेला. इस्पितळातला बाकडा. त्यावर टोकन घेऊन बसलेली माणसं. एक बस कंडक्टर, एक शिवणकाम करणारी बाई, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या सासू-सुना, हाताला प्लास्टर घातलेला चोर, परीक्षेच्या भीतीने पोट दुखणारी एक विद्यार्थिनी, आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून बाहेर आलेली खिडकीवरची मुलगी. व्हरांड्याच्या टोकाला एक दार. "हे तर मी बसवलंय!" मेस्त्री ओरडला. पॉलिशवाल्याच्या हातून डबा सुटता सुटता राहिला. त्या दारातून ती सात माणसं एका वेगळ्याच मुलखात जातात. तिथे कुणाला कशाची वाट बघावी लागत नाही. मनात आलं की झालं.

आठवा होता सुतार. दार दुरुस्त करायला आलेला. ते दार आपोआप मिटायचं, आणि एकदा मिटलं की मागे नुसतं कपाट उरायचं. म्हणून कुणीतरी ते धरून राहायला हवं. सुतार खांदा लावून उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. आपण कसले सुतार, आपल्यासारखी चौकट कुणाची नाही, आपली पारख कशी तीन पिढ्यांची.

"असा बढाईखोर सुतार मी जन्मात बघितला नाही," मेस्त्री म्हणाला.

पॉलिशवाल्याने मेस्त्रीला खालून वर न्याहाळलं. आणि ब्रश बुडवला.

मग मधली आठ पानं. तिकडे मोठी धामधूम, आणि सुतार दारात उभा. मग शेवटची चार. सगळे परत बाकड्यावर, हातातले टोकन नंबर तेच, सुताराने दार ओढून घेतलं, पिशवी उचलली आणि गेला. झालं. तिन्हीकडे सुतार नुसता उभा. शेंडा, मध्य, बूड. फळीतली गाठ सापडली.

चौथ्या दिवशी बारकी आली. पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. शाळेचा निकाल ऐकायला आल्यासारखी.

"वाचलंस?"

"म्हणजे काय! अक्षर न् अक्षर."

"सगळं?"

"बारके, तुझा दादा काम अर्धं सोडतो का कधी? एक नंबर झालंय. तो कंडक्टर काय, ती चोराची तऱ्हा काय. छाप म्हणावं त्याला, आणि जाड पुठ्ठा घाल म्हणावं."

"आणि... तो सुतार?"

"हां. तो काढ."

बारकीने मांडीवरची पर्स पाटावर ठेवली.

"अगं, काही कामाचा नाही तो. बाकीचे जातात, येतात, काही ना काही करतात. हा आपला दार धरून उभा. वर स्वतःची टिमकी. चौकटीत जास्तीचं लाकूड घातलं की मजबुती येत नाही, नुसतं वजन वाढतं. प्रकाशकाला एक माणूस कमी हवाय ना? मग हाच."

तिने पाटावरचा रंध्याचा भुसा बोटाने एका रेषेत ओढला. मग ती रेष पुसली. "नक्की?"

"दगडावरची रेघ."

"बरं," ती म्हणाली. उठली. गठ्ठा तिथेच होता. "हा राहू दे तुझ्याकडे. माझ्याकडे दुसरा आहे."

मेस्त्रीने तो माळ्यावर ठेवला, बापाच्या हत्यारांच्या पेटीशेजारी. मानाने ठेवला, पुसून वगैरे. त्यानंतर बारकीचं येणं कमी झालं. आठवड्यातून तीनदाचं एकदा, मग महिन्यातून. डबा पूर्ण त्यालाच उरायला लागला. बायकोने विचारलं, "तुम्ही काही बोललात का तिला?" तर म्हणाला, "लेखिका झालीय ती. तिला आता वेळ कुठला?" आणि हेही अभिमानानेच म्हणाला.

पुस्तक आलं, तीनशे वीस पानांचं, जाड पुठ्ठ्याचं. मेस्त्रीने प्रतींचा गठ्ठाच विकत घेतला. दाराबरोबर कडी-कोयंडा आणि पुस्तक, असा नवा रिवाज त्याने सुरू केला. कुणी म्हणालं, मेस्त्री, आम्हाला वाचायची सवय नाही, तर सांगायचा, "मग दार पण दुसऱ्याकडून घ्या." स्वतः मात्र त्याने ते उघडलं नव्हतं. उघडायचं कशाला? शेंडा, मध्य, बूड माहीत होतं की.

वर्षभराने वाचनालयाने बारकीला वाचकांशी बोलायला बोलावलं. तीस-चाळीस माणसं जमली. मेस्त्री खुर्चीवर बसला नाही. वाचनालयाचं दार त्याचं, म्हणून तो दारातच उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते किती हलकं उघडतं हे कळावं म्हणून.

पहिला उठला एक खराखुरा बस कंडक्टर. "ताई, आमच्या माणसाचं तुम्ही सोनं केलं. त्या मुलखात मनात आलं की माणूस पोचलेला. मग तिकीट कुणाचं फाडायचं? तो रिकाम्या रस्त्यावर उभा राहून 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणतो ना, तिथे मी रडलो हो. ड्युटीवर होतो. लोकांना वाटलं, डोळ्यात धूळ गेली."

एका कॉलेजातल्या मुलीला सासू-सुना आवडल्या होत्या. "भांडायला कारणच उरत नाही म्हणून दोघी कशा वेड्यापिशा होतात! पण ताई, रागावू नका. मला तुमचं पुस्तक दोनदा भिंतीवर फेकावंसं वाटलं."

हशा पिकला. मेस्त्रीचं तोंड कडू झालं.

"म्हणजे बघा," ती मुलगी पुढे म्हणाली, "चोराचं प्लास्टर निघणार, हात दिसणार, आणि नेमकं तिथे प्रकरण संपतं. पुढची साठ पानं दुसऱ्यांची. एकाशी जीव जडला की तुम्ही त्याला उचलून नेता. शिवणवाल्या बाई तर मधे गायबच आहेत. आणि तिकडच्या माणसांची नावं! एवढी लांब की मी शेवटी त्यांना नंबर दिले."

"खरं आहे," बारकी हसून म्हणाली. "सात जणांना सांभाळताना माझीही दमछाक झाली."

मग मागच्या रांगेतले एक चष्मेवाले निवृत्त मास्तर उठले. "सातही माणसं जिवंत आहेत. याबद्दल दुमत नाही. माझी अडचण दाराची आहे. पहिल्या प्रकरणात तुम्हीच सांगता, हे दार आपोआप मिटतं आणि मिटलं की संपलं. मग ही मंडळी इतके महिने तिकडे, तर दार उघडं राहिलं कसं? दुसरं, तिकडे गेलेला माणूस आपलं नाव विसरतो म्हणता. मग यांना नावं आठवतात ती कुणाच्या जोरावर? मला वाचताना सारखं वाटत होतं, इथे कुणीतरी होतं आणि उठून गेलं. खुर्ची गरम आहे, माणूस नाही."

बारकी खाली बघत होती. ती अडली असं मेस्त्रीला वाटलं. आणि बारकी अडली की धावून जायचं, ही लहानपणापासूनची खोड.

"होता!" तो दारातून गरजला. "होता मास्तर, एक माणूस होता तिथे. मीच काढायला लावला!"

चाळीस माना वळल्या.

"मी तिचा थोरला भाऊ. आठ होते आधी, आठ. तिने मला विचारलं, कुठला काढू? मी म्हटलं, हा. माझ्या शब्दावर काढला तिने. विचारा हवं तर."

लोक हसले. मास्तर मात्र चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले. ग्रंथपालबाईंनी बारकीला विचारलं, "हो का? कोण होता तो?"

बारकीने समोरचा पाण्याचा पेला उचलला, पुन्हा जागेवर ठेवला.

"होता एक," ती म्हणाली. "दादाला आवडला नाही. पुढचा प्रश्न?"

मेस्त्रीही लोकांबरोबर हसला. पण ते हसणं त्याचं त्यालाच कुरकुरल्यासारखं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो अर्धा तास एकाच फळीवर रंधा मारत राहिला. फळी पापडासारखी पातळ झाली. पॉलिशवाला म्हणाला, "मेस्त्री, एक बोलू? शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, ते मला मान्य आहे. पण जिने शिजवला तिचं बोट भाजलं होतं का, हे काही शितावरून कळत नाही."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही तीन ठिकाणी वाचलंत तेव्हा मी इथेच होतो की. उंटावर बसून शेळ्या हाकत होतात."

मेस्त्रीने माळ्यावरून गठ्ठा काढला. त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की चार तास. ओळीखाली बोट. गिऱ्हाईक आलं तर पॉलिशवाला सांगायचा, "मेस्त्री वाचताहेत," आणि गिऱ्हाईकाला वाटायचं, कुणी गेलं का काय घरात.

एक्काहत्तराव्या पानावर त्याचं बोट थांबलं. सुतार दारात उभा राहून पायाशी पडलेला रंधा बघतो, असं लिहिलं होतं. रंध्याच्या मुठीला कापड गुंडाळलेलं होतं. लहानपणी हात पुरत नव्हता म्हणून गुंडाळलेलं, आणि हात भरल्यावरही न काढलेलं.

मेस्त्रीने बाजूला बघितलं. रंधा पाटावर होता. कापड जरा मळलं होतं.

त्याने बोट पुन्हा ओळीखाली ठेवलं. मग पुढचं वाचायला लागला, कारण आता थांबणं शक्यच नव्हतं.

सुतार नुसता उभा नव्हता. जिथे जिथे मेस्त्रीने बघितलं नव्हतं, तिथे तिथे तो काम करत होता. तिकडे गेलेला माणूस हळूहळू आपलं नाव विसरायचा, म्हणून सुतार दिवसातून तीनदा दारातून प्रत्येकाच्या नावाने हाक मारायचा. आणि हाकांच्या मधे त्याच्या त्या बढाया. त्या बढाया तिकडे ऐकू जायच्या. कंडक्टर ऐकायचा आणि म्हणायचा, सुरू झाला बघ आपला फुगा. सासू-सुना एकत्र हसायच्या. हसल्या की त्यांना आठवायचं आपण कोण, कुठल्या बाकड्यावरून आलो. ज्या दिवशी सुताराचा घसा बसला, त्या दिवशी चोर स्वतःचं नाव विसरला. एवढं मोठं दोनशे तिसावं पान, आणि मेस्त्रीने ते उलटलं नव्हतं.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात खिडकीवरची मुलगी सगळ्यांच्या आधी परत येते. सुताराला म्हणते, "आता तू जा. तूही बघून ये तिकडे. मी दार धरते." तर सुतार म्हणतो, "मला काय बघायचंय? इथून सगळं बघितलंय मी. अगदी सगळं." मुलीला माहीत असतं की त्याने काहीसुद्धा बघितलेलं नाही. दाराला खांदा लावून उभा, म्हणजे पाठ पूर्ण वेळ तिकडे. त्याला दिसला तो फक्त बाकडा. तरी ती त्याला खोटं पाडत नाही. एवढंच म्हणते, "बरं."

सव्विसाव्या दिवशी गठ्ठा संपला. मेस्त्रीने सुतळी बांधली. मग शर्ट बदलला आणि इस्पितळात गेला.

बारकीच्या घरी जायचं धाडस नव्हतं. खिडकीपुढे वीसेक माणसांची रांग होती. तो रांगेत उभा राहिला, वशिला न लावता, आयुष्यात पहिल्यांदा. नंबर आला.

"नाव?" बारकीने वर न बघता विचारलं.

"बारके."

तिने वर बघितलं. "दादा? काय झालं? वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. मी वाचलं नव्हतं गं."

"काय?"

"तुझं पुस्तक. तीन ठिकाणी बघितलं होतं. फळी बघतात तसं. सगळं वाचलं म्हणालो ते खोटं बोललो."

मागून आवाज आला, "ओ काका, केसपेपर काढायचाय का कबुलीजबाब द्यायचाय?"

"आता वाचलं," मेस्त्री म्हणाला. "पूर्ण. सव्वीस दिवस लागले."

"सव्वीस दिवस! अहो, मी सकाळपासून उभा आहे इथे!"

बारकीने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "सुट्टीला अजून तासभर आहे," ती म्हणाली. "उभा राहू नकोस. बस तिकडे बाकड्यावर."

तो बसला. समोर व्हरांड्याच्या टोकाला ते दार. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. तासाभराने बारकी आली आणि शेजारी बसली. डबा उघडला, पण जेवली नाही.

"मला वाटलं, तू ओळखलंस," ती म्हणाली. "ओळखून म्हणालास, काढ. मी तुला चारचौघांत मांडलं म्हणून तुला लाज वाटली. इतके दिवस मी हेच घेऊन बसले होते."

"लाज? अगं, मी अख्ख्या शहराला बोट धरून दाखवलं असतं, हा बघा, हा मी!"

"तेच ना. म्हणून तर कळत नव्हतं."

"आता परत छापू. त्याला घालून. मी बोलतो प्रकाशकाशी, दार हवं असेल तर दार करून देतो त्याला."

"प्रकाशन बंद झालं, दादा. तो आता शाळेच्या वह्या छापतो."

मेस्त्रीने समोरच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "चोराच्या हाताचं तू फार वाईट ठिकाणी तोडलंस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आणि शिवणवाली आठव्या प्रकरणात राजाचं माप घ्यायला बसते, ती पुढे..."

"सोळाव्यात येते."

"सोळाव्यात! तोवर तिचा टेप आखडला असेल. बाकी ती नावं, देवा रे. जीभ बिजागरीतून निखळली. आणि एकशे नव्वदाव्या पानावर दार आत उघडतं असं लिहिलंस. ते बाहेर उघडतं. बघ की, समोरच आहे."

बारकीने समोर बघितलं. दार बाहेर उघडत होतं. तिला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

"हे तेव्हा सांगितलं असतंस तर," ती म्हणाली, "दुरुस्त केलं असतं मी."

बारकीने डब्याचं झाकण लावलं.

"तुला तो आवडला नाही, हे मी सोसलं होतं. आता कळतंय की तू भेटलाच नव्हतास त्याला. आवडला नाही असंच असतं तर बरं होतं."

"बारके..."

"सुट्टी संपली. रांग लागली असेल. परवा येते कारखान्यात. वहिनीला डबा जास्त द्यायला सांग."

ती उठली आणि व्हरांड्याच्या टोकाच्या दारातून आत गेली. तिच्या मागे दार आपोआप मिटलं. आवाज नाही, कुरकुर नाही, फुंकर मारावी तसं. इतक्या वर्षांत ते कुणाला धरून ठेवावं लागलं नव्हतं, आणि याच गोष्टीची बढाई मेस्त्रीने शहरभर मारली होती. आज जरा कुठे अडकलं असतं, तर तो उठून जाऊन धरून उभा राहिला असता.